लिंबाचा पीएच आणि बाबांचा मीटर

लिंबाइतकं अष्टपैलू फळ आपल्याकडे दुसरं नसावं. वरणभातावर पिळायचं, पोह्यांच्या बशीत फोड ठेवायची, उन्हातून आलेल्या पाहुण्याला सरबत करून द्यायचं, उरलेल्या सालीने पितळेची भांडी घासायची. शाळेत चमच्यात धरून पळायचं. नवी गाडी आली की चाकाखाली चिरडायचं, आणि दुकान उघडलं की मिरच्यांबरोबर दारात टांगायचं. एवढं करूनही ते बिचारं बाजारात दहा रुपयांना दोन-तीन मिळतं (एप्रिल-मे सोडून! तेव्हा लिंबाचा भाव विचारायचीही भीती वाटते).

गेल्या काही वर्षांत या यादीत एक नवं काम आलंय. शरीर 'अल्कलाइन' करण्याचं. तुमच्याही फॅमिली ग्रुपवर हा मेसेज येऊन गेला असणार. थोडक्यात सांगायचं तर, लिंबू चवीला आंबट असलं तरी पोटात गेल्यावर अल्कलाइन होतं, अल्कलाइन शरीरात रोग टिकत नाही, म्हणून रोज सकाळी अनशापोटी कोमट पाण्यात लिंबू घ्या आणि गोळ्या-औषधं विसरा. खाली हात जोडलेले चार इमोजी.

असे मेसेज मी वाचतो आणि सोडून देतो. हा मात्र सोडता आला नाही, कारण तो आमच्या घरात शिरला. ते पुढे सांगतोच. आधी थोडी केमिस्ट्री. घाबरू नका, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत गुलाबी रंगाची वाट बघितली होती ना, तेवढीच.

पीएच म्हणजे पाण्यात हायड्रोजनचे आयन किती मोकळे फिरतायत ते सांगणारा आकडा. शुद्ध पाण्याचा ७. त्याखाली आम्ल, त्यावर अल्कलाइन. गंमत अशी की ही मोजपट्टी साधी नाही, लॉगरिदमची आहे. एक आकडा खाली आलात की आम्लता दहापट. लिंबाच्या रसाचा पीएच साधारण २ ते २.५. म्हणजे २ धरला तर पाण्यापेक्षा पाच घरं खाली. पाच घरं म्हणजे दहाचा पाचवा घात, म्हणजे एक लाख पट! भूकंपाच्या रिश्टर स्केलसारखंच प्रकरण. आकडा दिसायला किरकोळ, फरक अवाढव्य.

बरं, लिंबाच्या रसात पाच-सहा टक्के सायट्रिक आम्ल असतं. पण ते दुर्बल आम्ल आहे. म्हणजे सगळे रेणू आपले हायड्रोजन एकदम सोडून देत नाहीत. शंभर रेणूंमागे जेमतेम दोन-तीन आयन मोकळे असतात, बाकीचे राखीव. पीएच म्हणजे खिशातली रोकड, आणि एकूण आम्ल म्हणजे बँकेतला बॅलन्स. खिशातले पैसे संपले की बँकेतून आणखी येतात. म्हणूनच लिंबाच्या रसात दहापट पाणी घातलं तरी पीएच पूर्ण एक घर वर सरकत नाही, साधारण अर्धंच सरकतो. सरबत पातळ केलं तरी आंबट लागतं ते यामुळे. साखर घातल्याने तर पीएचला काहीच फरक पडत नाही, फक्त आपली जीभ फसते.

आता एक गोष्ट, जी मला कॉलेजमध्ये कोणी सांगितली असती तर केमिस्ट्रीच्या तासाला मी जागा राहिलो असतो. पीएच ही कल्पना मांडली सोरेन्सन या डॅनिश शास्त्रज्ञाने, १९०९ साली, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत. होय, तीच बिअरवाली कार्ल्सबर्ग. पण पीएच मोजणारं सुटसुटीत यंत्र यायला आणखी पंचवीस वर्षं लागली, आणि ते आलं चक्क लिंबामुळे.

झालं असं की कॅलिफोर्नियातल्या लिंबू-संत्री बागायतदारांच्या सहकारी संस्थेत (तिलाच पुढे सनकिस्ट नाव मिळालं) ग्लेन जोसेफ नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता. बाजारात न खपणाऱ्या लिंबांपासून पेक्टिन आणि सायट्रिक आम्ल करायचं, हे तिथलं काम. त्यासाठी रसाची आम्लता मोजायला हवी. पण रस टिकवायला सल्फर डायऑक्साइड वापरायचे, त्यामुळे लिटमसचा रंगच उडायचा आणि नेहमीचा हायड्रोजन इलेक्ट्रोड खराब व्हायचा. काचेचा इलेक्ट्रोड टिकायचा, पण त्यातून येणारा करंट इतका क्षीण की मोजता मोजता नाकी नऊ. जोसेफ आपला जुना कॉलेजमित्र अर्नोल्ड बेकमनकडे गेला. बेकमन कॅलटेकमध्ये शिकवायचा. त्याने १९३४ मध्ये व्हॅक्यूम ट्यूबचा अॅम्प्लिफायर लावून यंत्र बनवून दिलं. काही महिन्यांनी जोसेफ परत हजर. आणखी एक यंत्र दे, पहिलं लॅबमधले लोक सारखे पळवतात! बेकमनच्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला की हे विकता येईल. १९३५ पासून त्याचं 'अॅसिडीमीटर' १९५ डॉलरला विकायला आलं.

आता आपल्या कामाचा भाग. याच बेकमनने पुढे १९५५-५६ मध्ये विल्यम शॉकलेच्या सेमीकंडक्टर लॅबला पैसा पुरवला, कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यू गावात. शॉकलेच्या स्वभावाला कंटाळून १९५७ मध्ये आठ जण बाहेर पडले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर काढली. त्यातल्याच नॉइस आणि मूर यांनी १९६८ मध्ये इंटेल. सिलिकॉन व्हॅलीची ही वंशावळ वर वर नेली की एका टोकाला लिंबाचा रस लागतो. तेव्हा हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलात की शिव्या कुणाला द्यायच्या ते तुम्हीच ठरवा :)

असो. आता घरातली गोष्ट.

आमचे बाबा वीजमंडळातून निवृत्त. बरीच वर्षं मीटर टेस्टिंगमध्ये काढली. माणसाच्या तोंडी बोलण्यावर त्यांचा फारसा विश्वास नसतो, रीडिंगवर असतो. "मीटर खोटं बोलत नाही" हे वाक्य मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलंय की आमच्या घरावर पाटी लावायची झाली तर तीच लावावी.

तीन वर्षांपूर्वी त्यांना मुतखडा झाला. खडा पडून गेला, पण ज्यांना तो अनुभव आहे त्यांना माहीत असेल, माणूस परत त्या वाटेला जायला नको म्हणतो. डॉक्टरांनी सांगितलं, पाणी भरपूर प्या, मीठ कमी करा आणि लिंबूपाणी घ्यायला हरकत नाही, चांगलंच आहे. तेवढं एक वाक्य बाबांनी मनावर घेतलं. पुढे निवृत्त मित्रांच्या ग्रुपवर तो मेसेज आला. आता बघा, डॉक्टर आणि व्हॉट्सअॅप एकच गोष्ट सांगतायत म्हटल्यावर शंका कशाला घ्यायची? फक्त मेसेजमध्ये एक जास्तीची ओळ होती. गोळ्या विसरा.

मार्चमध्ये शनिवार-रविवार जोडून सांगलीला गेलो होतो. रात्री जेवणं झाल्यावर आई हळूच म्हणाली, "अरे, तुझे बाबा बीपीची गोळी एक दिवसाआड घेतायत. मी बोलले तर म्हणतात, तुला काय कळतंय."

बाबा आतल्या खोलीत होते. त्यांनी ते ऐकलं, आणि रागवायच्या ऐवजी फाइल घेऊनच बाहेर आले. निवृत्त झाले तरी फाइल सुटलेली नाही.

"हा बघ जानेवारीचा रिपोर्ट. पीएच साडेपाच. आणि हा परवाचा. साडेसहा! मध्ये फक्त एक गोष्ट बदलली. लिंबू. आता तूच सांग, तू इंजिनिअर आहेस."

मी रिपोर्ट बघितला. आकडे खरे होते. आणि तिथेच खरी अडचण होती. खोटा आकडा खोडून काढणं सोपं असतं. खऱ्या आकड्यावरून काढलेला चुकीचा निष्कर्ष खोडणं कठीण, कारण समोरच्याच्या हातात पुरावा असतो. बाबा काही अडाणीपणा करत नव्हते. मोजलं, नोंद केली, तुलना केली. आमच्या ऑफिसमध्ये एवढं करणारे लोक मिळाले तर निम्मे प्रॉडक्शन बग कमी होतील.

त्या रात्री मी वाद घातला नाही. 'तुम्हाला काय कळतंय' हे वाक्य आईला ऐकवून झालंच होतं, तेच उलट बाबांना ऐकवण्यात अर्थ नव्हता. सकाळी चहाच्या वेळी त्यांना विचारलं,

"बाबा, कुणाची बिलाची तक्रार आली की तुम्ही मीटर तपासायला जायचात. पहिलं काय बघायचात?"

"कनेक्शन," बाबा म्हणाले. "मीटर बरोबर असतो रे बहुतेक वेळा. तो कुठल्या लाइनवर लावलाय ते आधी बघायचं. शेजाऱ्याचा लोड याच्या मीटरवर चढलेला असायचा कधीकधी."

"मग हा साडेसहावाला मीटर कुठल्या लाइनवर आहे?"

त्यांनी चष्मा लावला, रिपोर्टचं डोकं वाचलं. युरीन रुटीन. मग माझ्याकडे बघितलं. बाबा हुशार माणूस आहेत, पुढचं निम्मं त्यांना तिथेच कळलं.

उरलेलं निम्मं असं. शरीराचा पीएच अशी एक गोष्टच नसते. जठरात १.५ ते २ च्या आसपास, म्हणजे लिंबाच्या रसाइतकाच किंवा त्याहून जहाल. तिथे अर्धं लिंबू पिळलेला पेला म्हणजे दर्यात खसखस. लघवीचा पीएच ४.५ पासून ८ पर्यंत कुठेही असू शकतो, आणि एकाच दिवसात बदलतो. काल भाजी-फळं जास्त खाल्ली की वर, मटण हाणलं की खाली. (आईने याच दोन महिन्यांत घरातलं मटण बंद करून पालेभाज्या वाढवल्या होत्या. 'मध्ये फक्त एक गोष्ट बदलली' हे काही तितकंसं खरं नव्हतं!) आणि रक्ताचा पीएच? ७.३५ ते ७.४५. बस्स. एवढ्याच फटीत शरीर तो धरून ठेवतं. तो ६.८ च्या खाली किंवा ७.८ च्या वर गेला तर माणूस सहसा वाचत नाही. कारण शरीरातली प्रथिनं आणि एन्झाइम या पीएचलाच नीट काम करतात.

हे धरून ठेवण्यासाठी तीन थरांची व्यवस्था आहे. पहिला थर म्हणजे रक्तातलं बायकार्बोनेट, जे आम्ल आलं की क्षणात त्याला गिळतं. दुसरा थर फुफ्फुसं, जी कार्बन डायऑक्साइड कमी-जास्त बाहेर टाकून काही मिनिटांत तोल सावरतात. तिसरा मूत्रपिंडं. ती सावकाश, तासा-दिवसांच्या हिशोबाने काम करतात, पण जास्तीचं आम्ल किंवा अल्कली शेवटी लघवीवाटे तीच बाहेर काढतात.

मग लिंबाचं काय होतं? एका लिंबात साधारण एक ग्रॅम सायट्रिक आम्ल. आपल्या पेशींना ते परकं नाहीच. हान्स क्रेब्सने १९३७ साली पेशींमधलं जे ऊर्जाचक्र दाखवलं त्याचं नावच सायट्रिक आम्ल चक्र, आणि त्यासाठी त्याला १९५३ चं नोबेल मिळालं. लिंबातलं आम्ल त्याच भट्टीत जळतं आणि त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं. एका लिंबातून येणारा हा कार्बन डायऑक्साइड किती? शरीर रोज श्वासावाटे जेवढा बाहेर टाकतं त्याच्या पाचशेव्या हिश्शाच्या आसपास. रसातलं थोडं सायट्रेट पोटॅशियमबरोबर क्षाराच्या रूपात असतं, ते जळलं की मात्र बायकार्बोनेट उरतं. 'लिंबू पोटात जाऊन अल्कलाइन होतं' या वाक्यातला खरा कण तो हाच. पण ते जास्तीचं बायकार्बोनेट रक्तात साठून राहत नाही. मूत्रपिंडं ते उचलून बाहेर टाकतात, आणि लघवीचा पीएच चढतो.

बाबांना मी एसीचं उदाहरण दिलं. बाहेरच्या युनिटसमोर हात धरला तर गरम वारा लागतो. म्हणून खोली गरम झाली असं आपण म्हणतो का? बाहेर गरम वारा येतोय, कारण आत २४ वर टिकवलंय. लघवीतला साडेसहा म्हणजे बाहेरचा वारा. आतलं सेटिंग होतं तिथेच आहे. आणि समजा खरंच बदललं असतं, तर बाबा सांगलीच्या घरात फाइल दाखवत नसते, आयसीयूत असते.

"आणि बीपीचं काय?" आई स्वयंपाकघरातून.

बीपीचा मीटर वेगळा. तो कपाटात होता, डबीत. मी काढला, बाबांनी स्वतःच पट्टा बांधला. १५८/९६. "परत घे," बाबा म्हणाले. पाच मिनिटं शांत बसून परत. १५६/९८. तिसऱ्यांदाही तसंच. ते काही बोलले नाहीत. डायरी काढली, तारीख घातली, तिन्ही रीडिंग लिहिली आणि त्यांच्या डॉक्टरांना स्वतःच फोन लावला. त्या दिवसापासून गोळी रोज सुरू झाली. तीन आठवड्यांनी आईचा फोन आला, बाबांचं बीपी १३४/८४. लिंबूपाणीही चालूच आहे, आणि ते चालू राहावं असं डॉक्टरांचंही म्हणणं.

कारण त्या मीटरचाही उपयोग आहे, त्याच्या त्याच्या लाइनवर. मुतखडे बहुतेक कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. लघवीतलं सायट्रेट कॅल्शियमला धरून ठेवतं, खडा जमू देत नाही. युरिक आम्लाचे खडे असतील तर लघवीचा पीएच वर ठेवणं हाच उपचाराचा भाग असतो. त्यासाठी डॉक्टर पोटॅशियम सायट्रेटचं औषध देतात, ते लिंबाचंच तगडं भावंड समजा. म्हणजे लिंबाने पीएच बदलतो हे खरं. तो कुठला बदलतो आणि त्याने काय साधतं, एवढाच प्रश्न.

तुम्ही म्हणाल, जाऊ दे ना, लिंबूपाण्याने कुणाचं काय वाईट होतंय? लिंबूपाण्याने नाहीच होत. त्याच्यामुळे जे सुटतं, त्याने होतं. या अल्कलाइन पंथाचा एक मोठा प्रचारक अमेरिकेतला रॉबर्ट यंग. त्याचं 'द पीएच मिरॅकल' हे पुस्तक २००२ साली आलं आणि तुफान खपलं. तो डॉक्टर नव्हता. २०१६ मध्ये विनापरवाना वैद्यकीय उपचार केल्याबद्दल तो दोषी ठरला, पुढच्या वर्षी त्याला तुरुंगवासाची शिक्षा झाली. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ज्युरीने एका कॅन्सरग्रस्त बाईला साडेदहा कोटी डॉलरची भरपाई त्याच्याकडून देवविली, कारण त्याच्या सल्ल्यावर विसंबून तिने नेहमीचे उपचार घेतले नव्हते. मधल्या काळात तिचा कॅन्सर पसरला होता. तो काळ कुठलीही भरपाई परत देऊ शकत नाही.

बीपीचंही तसंच, फक्त आवाज न करता. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून गोळी सुटलेली कळतच नाही. कळतं ते एकदम, आणि तेव्हा घरातल्यांना रात्री दोन वाजता गाडी काढावी लागते. आपण सगळे पुण्या-मुंबईत, कुणी त्याहून लांब, आणि आईबाबा गावाकडे. पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा 'तब्येत कशी आहे' एवढं विचारून थांबू नका, गोळ्यांची स्ट्रिप बघा. किती उरल्यात ते मोजा. तोही एक मीटरच आहे. आणि कुणी रिपोर्टातला आकडा दाखवून काही सिद्ध करायला लागलं तर हसू नका, आकडा कुठल्या लाइनवरचा आहे एवढंच विचारा.

जाता जाता लिंबाबद्दल दोन कामाच्या गोष्टी. एक, दाताच्या वरचं एनॅमल पीएच साडेपाचच्या खाली गेलं की विरघळायला लागतं, आणि लिंबूपाणी त्याच्या बरंच खाली. तेव्हा ते तासभर घुटके घेत पिऊ नका, प्यायल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा आणि लगेच ब्रश करू नका. दोन, पोह्यांवर लिंबू जरूर पिळा. त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे धान्य-भाज्यांमधलं लोह शरीराला जास्त मिळतं. शिवाय पोह्यांवर लिंबू न पिळणाऱ्या माणसाला आणखी काय समजावणार!

चला, रविवारची सकाळ आहे, कांदा चिरायला घेतो.